तिसरं वर्ष लागलं तरी लेकरू बोलत नाही. बार्शीला 'स्पीच थेरपिस्ट' येणार कुठून?

बार्शी | विशेष विश्लेषण

नीटचा निकाल लागला की तालुक्यातल्या कितीतरी घरांत एकच विषय असतो. पोरीला मार्क बरे पडलेत, पण एमबीबीएसला नंबर लागणार नाही. मग आता काय? नर्सिंग, फार्मसी, बीएससी, का अजून एक वर्ष रिपीट?

त्याच गल्लीत दुसरं घर असतं. लेकरू तिसऱ्या वर्षात आलंय, पण 'आई'च्या पुढं शब्द नाही. आजी म्हणते, "त्याचा मामा बी उशिराच बोलला हुता, थांबा जरा."

तिसऱ्या घरात आजोबा असतात. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. पाणी पाहिजे असलं तरी पाटीवर लिहून दाखवायचं. लिहिता येत नसलं तर नुसते हातवारे.

ही तीन घरं एकमेकांना ओळखतात. पण तिघांचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळतो, हे त्यांना माहीत नसतं. पहिल्या घराला करिअर पाहिजे आणि उरलेल्या दोन घरांना त्या करिअरचा माणूस पाहिजे. त्या माणसाला इंग्रजीत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणतात, मराठीत वाचा-भाषा तज्ज्ञ. लोकांच्या तोंडी 'स्पीच थेरपिस्ट'.

हा माणूस नेमकं करतो काय?

आधी एक घोळ मिटवू. कान-नाक-घशाचा डॉक्टर वेगळा आणि स्पीच थेरपिस्ट वेगळा. डॉक्टर औषध देतो, ऑपरेशन करतो. ऐकू किती येतं हे मशीनवर तपासणं, कानाचं मशीन जुळवून देणं हे ऑडिओलॉजिस्टचं काम. आणि बोलणं, भाषा समजणं, आवाज आणि गिळणं यांवर महिनोन्‌महिने मेहनत घेऊन माणसाला परत उभं करणं हे स्पीच थेरपिस्टचं काम. आपल्या देशात पदवीला ऑडिओलॉजी आणि स्पीच हे दोन्ही विषय एकत्रच शिकवतात, त्यामुळं एकच माणूस दोन्ही कामं करू शकतो.

त्याच्याकडं कोण जातं? उशिरा बोलणारी लेकरं, जन्मापासून कमी ऐकू येणारी लेकरं, तोतरं बोलणारी शाळकरी पोरं, टाळू दुभंगलेली मुलं, स्वमग्न मुलं. मोठ्यांमध्ये लकव्याचा झटका येऊन शब्द हरवलेली माणसं. त्यांना सगळं आठवतं, समोरचा ओळखू येतो, पण 'तांब्या' म्हणायला गेलं की तोंडातून 'दार' येतं. याला ॲफेजिया म्हणतात. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याला भ्रम झाला. तसं नसतं. मेंदूतल्या भाषेच्या भागाला मार बसलेला असतो.

गिळण्याचं कामही याच माणसाकडं असतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. लकव्यानंतर किंवा तोंडाच्या-घशाच्या ऑपरेशननंतर घास चुकीच्या नळीत जातो, अन्न-पाणी फुप्फुसात उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मान कशी धरायची, घास किती घट्ट पाहिजे, पाणी कसं प्यायचं हे शिकवलं तर बऱ्याच जणांचा हा धोका कमी होतो.

बार्शीचा हिशेब वेगळा का?

कॅन्सरच्या बाबतीत बार्शीचं नाव देशाला माहीत आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, आणि शेजारच्या परंडा व भूम तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन कुणाला कोणता कॅन्सर झाला याची नोंद ठेवायचं काम इथं झालं. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास याच पट्ट्यात झाला आणि २००९ साली तो जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आला.

म्हणजे रोग शोधणं आणि रोग मोजणं यात आपला भाग मागं नाही. पण तंबाखू, मावा आणि बायकांची मिश्री या सवयी आपल्या घरातल्याच. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी तो कुठं मिळतो हे कुणाला विचारावं लागत नाही. तोंडाचे आणि घशाचे बरेच कॅन्सर यातूनच येतात. ऑपरेशनमध्ये कुणाची जीभ थोडी जाते, कुणाचा जबडा, कुणाचं स्वरयंत्र.

स्वरयंत्र काढलं की माणूस मानेला केलेल्या भोकातून श्वास घेतो. आवाज जातो, पण बोलणं कायमचं संपलं असं नाही. तीन वाटा असतात. एक, हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरासारखी बाहेर सोडत बोलायला शिकणं. दोन, गळ्याला लावायचं बॅटरीचं छोटं यंत्र. तीन, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायचा छोटा व्हॉल्व्ह. परदेशी व्हॉल्व्ह हजारो रुपयांना पडतो म्हणून बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी 'ऑम' नावाचा स्वस्त व्हॉल्व्ह तयार केला, त्याची बातमी काही वर्षांपूर्वी देशभर गाजली होती. किंमत शंभर रुपयांच्याही आत ठेवली होती.

पण व्हॉल्व्ह बसला म्हणून माणूस लगेच बोलत नाही. भोक बोटानं कधी झाकायचं, हवा कशी ढकलायची, शब्द कुठं तोडायचा हे शिकवायला समोर माणूस लागतो. वस्तू स्वस्त झाली तरी शिकवणारा माणूस मिळाल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही.

कायद्यातलं एक कलमही लक्षात ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे आणि त्यात 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' स्वतंत्र आहे. स्वरयंत्र काढल्यामुळं किंवा ॲफेजियामुळं कायमचं आलेलं दिव्यांगत्व त्यात बसतं. ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला मिळाला की पुढच्या बऱ्याच योजनांचं दार उघडतं. ऑपरेशन झालेल्या कितीतरी माणसांना आपण या कायद्यात बसतो याचा पत्ताच नसतो.

लेकरांचं घड्याळ थांबत नाही

मोठ्या माणसाला उशीर झाला तर त्रास होतो. लेकराला उशीर झाला तर नुकसान भरून निघणं अवघड. भाषा शिकायचा मेंदूचा सगळ्यात चांगला काळ पहिल्या तीन-चार वर्षांचा असतो.

जगभरात यासाठी एक साधं गणित धरतात : एक-तीन-सहा. बाळ एक महिन्याचं व्हायच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडं बऱ्याचदा मूल दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर 'हाक मारली तर बघत न्हाय' हे पहिल्यांदा लक्षात येतं. मग वेखंड चाटवायचं, जीभ चिकटलीय म्हणून ती 'सोडवून' आणायची, नवस बोलायचा. यात वर्ष जातं. जीभ चिकटलेली असली तर एखादा उच्चार अडेल, पण शब्दच न येण्याचं कारण ती नसते. आणि ज्या बाळाला ऐकूच येत नाही, ते वेखंडानं बोलणार कसं?

सरकारी यंत्रणा कागदावर वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतात. ऐकू न येणं आणि भाषा उशिरा येणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. अडचण दिसली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं आणि तिथं ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट असावा, अशी योजनेची रचना आहे.

साखळी तुटते ती त्याच्या पुढं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका खेपेत होतं, स्पीच थेरपी तशी होत नाही. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर वर्षाला शंभराच्या वर खेपा होतात. बार्शीहून सोलापूर सत्तरेक किलोमीटर. वैराग, पांगरी किंवा गौडगावच्या बाजूच्या वस्तीवरून निघायचं तर सकाळची एसटी, परतायला संध्याकाळ, तिकीट दोघांचं आणि आईची त्या दिवसाची मजुरी बुडाली. पहिल्या महिन्यात लोक जातात. दुसऱ्या महिन्यात सोयाबीन काढणीला येतं. तिसऱ्या महिन्यात खेपा बंद होतात. आई-बाप बेफिकीर असतात म्हणून हे घडत नाही. गावापासून थेरपीपर्यंतचं अंतरच त्यांच्या ताकदीबाहेरचं असतं.

कॉक्लिअर इम्प्लांटचं तसंच. केंद्राच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना महागडं ऑपरेशन मोफत होतं. पण ऑपरेशन ही सुरुवात असते. मशीननं आवाज पोचतो, त्या आवाजाचा शब्द करायला पुढं एक-दोन वर्षं थेरपी लागते. ती झाली नाही तर लाखोंचं मशीन कानामागं नुसतं टांगलेलं राहतं.

म्हणून तज्ज्ञ तालुक्यातच पाहिजे. आणि तो तालुक्यात टिकायचा असेल, तर तालुक्यातूनच शिकून आलेला असण्याची शक्यता जास्त धरावी लागेल.

कोर्स कोणता, वाट कशी?

आता पहिल्या घराकडं येऊ.

पदवीचं नाव बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. एकूण चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावी सायन्स पाहिजे. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत ज्या जागा भरतात त्यांना नीटचा स्कोअर धरतात. राष्ट्रीय संस्थांची प्रवेशाची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून त्या-त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं. कोचिंगवाल्यानं सांगितलं म्हणून सोडून द्यायचं नाही.

शिकायचं कुठं? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात हे शिक्षण १९६० च्या दशकापासून चालतं. पुण्यात भारती विद्यापीठाचा विभाग आहे. राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था, १९६५ सालची, देशातली सगळ्यात नावाजलेली.

शिकवतात काय? कान, घसा आणि मेंदूची रचना, आवाजाचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र. आणि सुरुवातीच्या वर्षांपासूनच पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम. नुसतं पुस्तक पाठ करून हा धंदा जमत नाही. एकच शब्द लेकराकडून शंभर वेळा काढून घ्यायचा आणि शंभराव्या वेळीही हसून घ्यायचा, एवढा धीर लागतो.

पुढं एमएएसएलपी किंवा त्यातली वेगळी एमएस्सी, दोन वर्षांची. भारतात पदवीवरही काम करता येतं. अमेरिकेत मात्र पदव्युत्तर पदवीशिवाय चालत नाही. तिथं शिक्षणातच देखरेखीखाली ४०० तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं आणि त्यानंतर आणखी काही महिने अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली नोकरी. परदेशाचं स्वप्न असेल तर हा हिशेब आधीच धरावा.

पदवी मिळाली तरी एक कागद महत्त्वाचा : भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी. १९९२ च्या कायद्यानं ही परिषद आली. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी तरतूद आहे. पालकांनीही हे लक्षात ठेवावं. गल्लीत कुणी 'स्पीच क्लास' काढला तर आधी आरसीआयचा नोंदणी नंबर मागा. खरा तज्ज्ञ नंबर सांगायला लाजत नाही.

चार वर्षं जमणार नसतील तर एक वर्षाचा डिप्लोमाही आहे, डीएचएलएस. तो केलेला माणूस तज्ज्ञाच्या हाताखाली काम करतो, त्याच्या जागी नाही. पण आठवड्यातून एकदा येणारा तज्ज्ञ आणि रोज तालुक्यात असणारा डिप्लोमाधारक अशी जोडी झाली, तर बरंच काम उरकेल.

आपल्या बोलीचा माणूस का पाहिजे?

हा मुद्दा शहरातल्या लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

बार्शीतलं लेकरू 'पाणी'ला 'पानी' म्हणालं, 'नाही'ला 'न्हाय' म्हणालं, तर तो दोष नाही. घरात सगळे तसंच बोलतात. पण तेच लेकरू पाचव्या वर्षी 'काका'ला 'ताता' म्हणत असेल तर तिथं काम करावं लागेल. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा. 'ळ' कोणत्या घरात स्पष्ट येतो, कोणत्या घरात 'ल' होतो, हे कानाला माहीत असल्याशिवाय तपासणी खरी होत नाही. बोलीतला फरक म्हणजे आजार नव्हे, हे जगभर मान्य झालेलं आहे. पण बोली ज्याच्या कानावरच नाही, त्यानं फरक ओळखायचा कसा?

थेरपीही तशीच. शहरातल्या कार्डांवर सफरचंद, टॅक्सी, समुद्र. आपल्या लेकराच्या डोळ्यांसमोर शेळी, कडबा, चूल, तूर, भगवंताचं देऊळ. जी वस्तू रोज दिसते तिचा शब्द लवकर येतो. लकवा झालेल्या शेतकऱ्याला 'बैल' आणि 'पट्टी' हे शब्द आधी परत पाहिजे असतात. आडतीवर जाऊन भाव विचारता आला की माणूस निम्मा बरा होतो. बार्शी बाजारपेठेचं गाव. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ही म्हण इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मग अडचण कुठंय?

खरं बोलायचं तर तीन ठिकाणी.

पहिली अडचण माहितीची. सायन्सच्या पोरांना एमबीबीएस, बीएएमएस, फार्मसी माहीत असतं. या कोर्सचं नाव फॉर्म भरताना यादीत दिसतं, पण त्याचा अर्थ सांगणारं कुणी नसतं. शिवाजी महाविद्यालयासारख्या जुन्या कॉलेजांनी आणि ज्युनिअर कॉलेजांनी वर्षातून एक तास यावर घालवला तरी चित्र बदलेल.

दुसरी अडचण पैशाची. कॉलेज मोठ्या शहरात, म्हणजे फी आणि वर खोली-मेसचा खर्च. सरकारी संस्था आणि खासगी कॉलेज यांच्या फीत मोठा फरक असतो, म्हणून पसंतीक्रम भरताना सरकारी आधी. राज्यानं २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली, पण ती अभिमत विद्यापीठांना नाही. आपला कोर्स आणि आपलं कॉलेज यादीत बसतं का, हे प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी घ्या. नंतर रडून उपयोग नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, नोकरीची. शिकलेली पोरगी परत आली तर बसणार कुठं? शहरात हॉस्पिटलं आहेत, शाळा आहेत, दर बैठकीचे चांगले पैसे देणारे पालक आहेत. तालुक्यात पेशंट आहेत, पण देणारे हात रिकामे. सरकारी जागा बहुतेक कंत्राटी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी. अशात 'गावाची सेवा करा' असं नुसतं भाषण देऊन कुणी येणार नाही आणि तशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही.

यावर तोडगा अशक्य नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, पगार जिल्ह्यातून. उरलेल्या दिवसांत ती स्वतःचं छोटं केंद्र चालवू शकते. मधल्या बैठका मोबाईलवर. कोरोनाच्या काळात व्हिडिओवर थेरपी देता येते हे सगळ्यांनी पाहिलं. बऱ्याच घरांत स्मार्टफोन आलाय, रेंज येईल तिथं तो या कामी लावता येईल. पहिली तपासणी समोरासमोर आणि पुढचा सराव फोनवर, असं केलं तर त्या शंभर खेपांच्या वीस-पंचवीस होऊ शकतात.

तोवर आपण काय करायचं?

बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, वर्षाचं होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांला 'आई दे', 'पाणी पाहिजे' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर थांबायचं नाही. आधी कानाची तपासणी. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगून आरबीएसकेच्या पथकाला दाखवा आणि पुढं पाठवल्याची चिठ्ठी मागून घ्या. फोन हातात देऊन लेकराला बसवण्यापेक्षा त्याच्याशी बोला. चुलीपाशी, शेतात, न्हाऊ घालताना.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा : आपल्या गावातून या पथकानं बोलण्या-ऐकण्यासाठी किती लेकरं पुढं पाठवली आणि त्यातली किती शेवटपर्यंत पोचली? पहिला आकडा बहुधा मिळेल. दुसरा मिळेपर्यंत विचारत राहा.

आणि पहिल्या घरातल्या पोरीला एवढंच सांगणं : यादीत बीएएसएलपी दिसलं तर पुढं सरकण्याआधी एकदा शेजारच्या दोन घरांकडं बघ. तुझं गिऱ्हाईक तिथं बसलेलं आहे, फक्त त्याला हाक मारता येत नाही.